उज्जैनच्या वाड्यांतले जुने रेडिओ : ओळखावे कसे, जपावे कसे

उज्जैनच्या जुन्या शहरात गोपाळ मंदिर, छत्री चौक, पटनी बाजार या परिसरात एखादे वडिलोपार्जित घर रिकामे होऊ लागले, की माळ्यावरच्या वस्तू एकेक करून ओट्यावर येतात. तांब्याचे हंडे, सागवानी पेट्या, पितळी समया यांना लगेच गिऱ्हाईक मिळते. त्या ढिगाऱ्यात बहुधा एक रेडिओही असतो. जाळीचे कापड फाटलेले, काच धुरकटलेली, मागचा पुठ्ठा उंदरांनी कुरतडलेला. त्याचे पुढे काय होते, याचे साधारण तीन मार्ग आहेत. कबाडीवाला तो किलोच्या भावाने नेतो. कोणी हौशी मनुष्य आतले यंत्र काढून टाकतो आणि पेटी उपाहारगृहाच्या शोभेसाठी विकतो. किंवा ‘जुन्या रेडिओला लाखो रुपये मिळतात’ ही चित्रफीत पाहिलेला नातू तो घट्ट धरून बसतो आणि लवकरच एखाद्या ठकाच्या जाळ्यात सापडतो. तिन्ही मार्गांनी नुकसान एकच होते. तो रेडिओ कोणता होता, कधीचा होता आणि कोणाच्या घरात वाजत होता, हे कायमचे पुसले जाते.

२०२८ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने उज्जैनचा कायापालट सुरू असल्याने हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे. जुन्या वस्तूची किंमत ठरवण्याआधी तिची ओळख पटली पाहिजे. सुदैवाने रेडिओ ही आपली ओळख स्वतःच्या अंगावर वागवणारी वस्तू आहे. ती वाचायची कशी, एवढे मात्र ठाऊक असावे लागते.

माळव्यातले मराठी घर आणि लघुलहरी

उज्जैनचा मराठी संबंध अठराव्या शतकापासूनचा. राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार केला. ते मूळचे कोकणपट्टीतील सारस्वत. त्यामुळे गोमंतकीय वाचकांनाही हे नाव परके वाटू नये. शिंद्यांची राजधानी पुढे ग्वाल्हेरला गेली, तरी उज्जैनमध्ये स्थिरावलेली मराठी कुटुंबे तिथेच राहिली. घरात मराठी, बाजारात माळवी आणि कचेरीत हिंदी, असा त्यांचा व्यवहार राहिला.

अशा घराला मराठी गाणे आणि मराठी शब्द दुरून आणून देणारे साधन म्हणजे रेडिओ. अडचण होती ती अंतराची. मध्यमलहरींवरील केंद्र दिवसा फार दूरवर ऐकू येत नाही. उज्जैनपासून जेमतेम पंचावन्न किलोमीटरवर असलेल्या इंदूरला आकाशवाणी केंद्र सुरू झाले ते १९५५ मध्ये. तोपर्यंत दिवसा काही ऐकायचे तर लघुलहरींचाच आधार. म्हणून माळव्यात त्या काळी घेतलेला चांगला रेडिओ सहसा दोन किंवा तीन बँडचा असे. त्याला गच्चीवर दोन काठ्यांच्या मध्ये ताणलेली तांब्याची तार, म्हणजे एरियल, लागे. जुन्या घराच्या गच्चीवर चिनीमातीचे छोटे इन्सुलेटर अजून लटकत असतील, तर त्या घरात कधीकाळी रेडिओ होता याची ती खूण समजावी.

डॉ. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना, १९५२ मध्ये, आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षाच्या अखेरीस अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. विविध भारतीचा जन्म १९५७ चा. या पाच वर्षांच्या काळात लघुलहरी स्पष्ट पकडणाऱ्या रेडिओचे महत्त्व किती असेल, हे वेगळे सांगायला नको.

‘अँटिक’ कशाला म्हणावे?

बाजारात पन्नास वर्षांच्या प्रत्येक वस्तूला ‘अँटिक’ म्हणतात. कायद्याचा अर्थ वेगळा आहे. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार वस्तू किमान शंभर वर्षांची असली, तरच ती ‘पुरावशेष’ ठरते. हस्तलिखितांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. मुंबईच्या रेडिओ क्लबने प्रक्षेपण सुरू केले १९२३ मध्ये आणि इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले २३ जुलै १९२७ रोजी. म्हणजे भारतातल्या घरांतले बहुतेक रेडिओ अजून शंभरीच्या आतच आहेत. ‘सरकारी नोंदणीचे पुरातन रेडिओ’ असे सांगून कोणी जादा पैसे मागत असेल, तर सावध व्हावे. संग्राहकांच्या भाषेत मात्र व्हॉल्व्हवर चालणारा, ट्रान्झिस्टरपूर्व काळातला रेडिओ जुना मानला जातो, आणि ती व्याख्या व्यवहारात सोयीची आहे.

पेटी : पहिला अंदाज

ओळखीची सुरुवात पेटीपासून करावी. १९३० च्या दशकाच्या प्रारंभीचे रेडिओ उभट असत. वर कमान असलेले, छोट्या देवळीसारखे दिसणारे नमुने याच काळातले. त्या दशकाच्या उत्तरार्धापासून पेटी आडवी होत गेली आणि केंद्रांची नावे छापलेली रुंद काच दर्शनी भागात आली. समोरच्या बाजूला पियानोच्या पट्ट्यांसारखी दाबायची बटणे असतील, तर तो रेडिओ बहुधा १९५० च्या दशकाच्या मध्यानंतरचा.

पेटी लाकडाची नसेल तर ती बेकेलाइटची आहे की नंतरच्या प्लास्टिकची, हे पाहावे. बेकेलाइट हे लिओ बेकलँड यांनी १९०७ मध्ये तयार केलेले आद्य कृत्रिम द्रव्य. ते बहुधा तपकिरी किंवा काळे, हाताला जड आणि टिचकी मारल्यास घट्ट आवाज देणारे असते. अंगठ्याने जोराने घासून गरम केले की कार्बोलिकसारखा उग्र वास येतो. ब्रिटनमध्ये १९४६ साली आलेला बुश कंपनीचा ‘डीएसी ९०’ हा अशा पेटीचा प्रसिद्ध नमुना. बेकेलाइट ठिसूळ असते, त्यामुळे तडा शोधण्यासाठी पेटी आतून उजेडात पाहावी.

पेटीने फक्त अंदाज मिळतो. तिला नवे पॉलिश करता येते, दुसऱ्या रेडिओची बटणे लावता येतात, आणि हल्ली तर जुन्या धाटणीच्या पेटीत ब्लूटूथ स्पीकर बसवून विकतात. निर्णय द्यायचा तो काचेवरून आणि आतल्या यंत्रावरून.

काच : शहरांची नावे आणि वर्षे

पुरातत्त्वात एक साधा नियम आहे. एखाद्या थरात सापडलेले सर्वांत अलीकडचे नाणे त्या थराची पूर्वमर्यादा दाखवते. थर त्या नाण्यापेक्षा जुना असू शकत नाही. रेडिओची काच वाचताना हाच नियम लावावा.

फाळणीपूर्वी ऑल इंडिया रेडिओची नऊ केंद्रे होती. त्यांपैकी लाहोर, पेशावर आणि ढाका ही तीन पाकिस्तानात गेली. काचेवर लाहोर किंवा ढाका दिसले म्हणून रेडिओ १९४७ पूर्वीचा असे मात्र ठरत नाही, कारण ती केंद्रे पुढेही ऐकू येत होती. उलट बाजूने पाहिले तर उत्तर पक्के मिळते. नागपूर केंद्र १९४८ चे, पुणे १९५३ चे, इंदूर १९५५ चे, भोपाळ १९५६ चे. काचेवर इंदूर छापलेले असेल, तर ती काच १९५५ पूर्वीची असणे शक्य नाही. ‘विविध भारती’ हे शब्द असतील तर १९५७ नंतरची.

आकड्यांजवळची बारीक अक्षरेही बोलकी असतात. कंपनसंख्या पूर्वी ‘किलोसायकल’मध्ये लिहीत. ‘हर्ट्झ’ हे एकक आंतरराष्ट्रीय पद्धतीत १९६० मध्ये स्वीकारले गेले आणि नंतर हळूहळू रूढ झाले. म्हणून ‘किलोहर्ट्झ’ लिहिलेला रेडिओ त्या काळानंतरचा समजायला हरकत नाही.

उज्जैन आणि गोवा यांच्यातला फरकही काचेवरच दिसतो. १९५० च्या दशकात भारतात आयातीवर कडक निर्बंध होते; त्यामुळे त्या काळी माळव्यात विकले गेलेले रेडिओ प्रामुख्याने भारतात तयार झालेले किंवा जुळवलेले असत. फिलिप्स, मर्फी, बुश, नॅशनल एको, एचएमव्ही ही त्यांतली घरोघरी पोहोचलेली नावे. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात परदेशी माल तुलनेने मोकळेपणाने येई. त्यामुळे गोव्यातल्या जुन्या घरांत युरोपीय बनावटीचे, काचेवर हिल्व्हर्सम, बेरोम्युन्स्टर, लिस्बोआ अशी नावे असलेले रेडिओ निघाले तर नवल नाही. जर्मन रेडिओवर ‘यूकेडब्ल्यू’ ही अक्षरे असतात. ती एफएम बँडची खूण. भारतात एफएम प्रक्षेपण सुरू झाले १९७७ मध्ये, मद्रासला. तेव्हा १९५० च्या दशकातला असा रेडिओ उज्जैनमध्ये सापडला, तर तो तिथे कसा आणि कोणाबरोबर आला, हा प्रश्न जरूर विचारावा. त्याचे उत्तर रेडिओइतकेच मोलाचे असू शकते.

गोव्यात तर या पेट्यांना स्वातंत्र्यलढ्याचा संदर्भ आहे. २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेपलीकडच्या जंगलातून ‘व्हॉइस ऑफ फ्रीडम’ हे गुप्त केंद्र चालवले आणि ते मुक्तीपर्यंत वाजत राहिले. ते ज्या रेडिओंवर दबक्या आवाजात ऐकले गेले, त्यांपैकी काही आजही कुठल्यातरी माळ्यावर असतील. त्यांच्या अंगावर तसा कुठलाही शिक्का नाही. घरातल्या माणसाने सांगितले तरच ते कळणार.

मागची बाजू : खरा साक्षीदार

रेडिओची पाठ उघडण्यापूर्वी त्याची वायर विजेला जोडलेली नाही याची खात्री करावी. मागच्या पुठ्ठ्यावर किंवा धातूच्या सांगाड्यावर कंपनी, मॉडेल आणि अनुक्रमांक असलेली पट्टी असते. फिलिप्सच्या अनेक मॉडेलांच्या शेवटच्या अक्षरातून वीजपुरवठा कळतो. ‘ए’ म्हणजे एसी, ‘यू’ म्हणजे एसी आणि डीसी दोन्ही, ‘बी’ म्हणजे बॅटरी. काही गावांत पूर्वी डीसी वीज होती आणि खेड्यांत तर वीजच नव्हती, हा सारा इतिहास त्या एका अक्षरात आलेला असतो.

त्यानंतर व्हॉल्व्ह पाहावेत. काचेचे हे दिवे वर्षानुवर्षे बदलले जात, म्हणून व्हॉल्व्हवरून रेडिओचे वय ठरवणे फसवे असते. भारत इलेक्ट्रॉनिक्सची मोहोर असलेला व्हॉल्व्ह १९४० च्या दशकातल्या रेडिओतही सापडेल. तो दुरुस्ती करणाऱ्याने नंतर बसवलेला असतो. बदलत नाही ती व्हॉल्व्हची बैठक. आठ टाचण्यांची, मध्ये जाड खुंटी असलेली ‘ऑक्टल’ बैठक १९३५ मध्ये आली. सात बारीक टाचण्यांचे चिमुकले व्हॉल्व्ह १९३९ नंतरचे आणि नऊ टाचण्यांचे ‘नोव्हाल’ साधारण १९५० च्या सुमाराचे. काचेच्या वरच्या भागात आपोआप उघडझाप करणारा हिरवा ‘मॅजिक आय’ असेल, तर तो रेडिओ १९३५ नंतरचा आणि त्याच्या काळी वरच्या किमतीचा असावा.

व्हॉल्व्हच्या काचेला आतून रुपेरी चकाकी असते. हा बेरियमचा लेप. आत उरलासुरला वायू शोषून घेण्यासाठी तो दिलेला असतो. ती चकाकी दुधासारखी पांढरी झाली असेल, तर आत हवा शिरली आहे आणि तो व्हॉल्व्ह निकामी आहे, असे खुशाल समजावे. ही परीक्षा वीज न लावता करता येते.

शेवटचा आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित पुरावा म्हणजे कागद. रेडिओ बाळगायला पूर्वी परवाना लागे. टपाल कार्यालयातून मिळणाऱ्या त्या पुस्तिकेत मालकाचे नाव, पत्ता, रेडिओची कंपनी आणि मॉडेल यांची नोंद असे. दरवर्षी शुल्क भरून तिचे नूतनीकरण करावे लागे. १९८० च्या दशकात ही पद्धत बंद झाली. घर आवरताना ही पुस्तिका रद्दीत जाते आणि रेडिओचा जन्मदाखलाच हरवतो. ज्या संग्राहकाला रेडिओबरोबर परवाना, दुकानाची पावती किंवा कंपनीची माहितीपत्रिका मिळते, त्याच्याकडचा रेडिओ इतरांपेक्षा वेगळा ठरतो.

वीज लावण्याची घाई नको

जुना रेडिओ हाती आला, की ‘वाजतो का पाहू’ म्हणून प्लग लावण्याचा मोह होतो. रेडिओचा आणि कधी माणसाचाही घात होतो तो इथेच. आतले मेणकागदी कंडेन्सर इतक्या वर्षांत झिरपू लागलेले असतात, मोठे कंडेन्सर सुकलेले असतात आणि तारांवरचे रबर चुरा झालेले असते. वीज जोडताच ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि मूळ ट्रान्सफॉर्मर पुन्हा मिळणे कठीण. एसी-डीसी प्रकारच्या रेडिओत धातूचा सांगाडा थेट विजेच्या तारेशी जोडलेला असतो. बटणाच्या उघड्या स्क्रूला हात लागला तरी जोराचा झटका बसू शकतो. आतला दाब अडीचशे व्होल्टच्या आसपास जातो आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये काही काळ राहतो.

म्हणून हे काम जाणकार दुरुस्तकाकडेच द्यावे. तो आधी संशयास्पद कंडेन्सर बदलतो, मग शंभर वॅटचा जुना दिवा मालिकेत जोडून रेडिओ सुरू करतो. आत दोष असेल तर दिवा लख्ख पेटतो आणि रेडिओ वाचतो. काढलेले मूळ भाग टाकून न देता पिशवीत घालून पेटीतच ठेवायला सांगावे.

स्वच्छतेबाबतही संयम हवा. काचेवरची अक्षरे आतल्या बाजूने रंगवलेली असतात. ओला फडका फिरवला की शहरेच्या शहरे पुसली जातात. तिथे कोरडा मऊ ब्रश पुरे. लाकडाला नवे चकचकीत पॉलिश चढवल्याने रेडिओ देखणा दिसतो, पण त्याचे मोल बहुधा घटते.

‘लाल पाऱ्या’ची भूल

गेल्या काही वर्षांत जुन्या रेडिओंचा सर्वांत मोठा शत्रू ठरली आहे ती एक अफवा. जुन्या रेडिओत किंवा टीव्हीत ‘लाल पारा’ असतो आणि त्याला लाखो-कोटींचा भाव मिळतो, अशा चित्रफिती समाजमाध्यमांवर फिरतात. लसूण जवळ नेला की तो पळतो, आरशात त्याचे प्रतिबिंब पडत नाही, असल्या ‘परीक्षा’ही सांगितल्या जातात. हीच अफवा २००९ मध्ये सौदी अरेबियात सिंगर शिवणयंत्रांच्या सुयांबाबत पसरली होती आणि जुन्या यंत्रांचे भाव अवाच्या सवा चढले होते.

वस्तुस्थिती अशी, की असा मौल्यवान लाल पारा कुठल्याही रेडिओत नाही. काही मोजक्या जुन्या व्हॉल्व्हमध्ये पाऱ्याची वाफ वापरत, पण तो साधा, रुपेरी आणि विषारी पारा. व्हॉल्व्ह फोडणाऱ्याच्या हाती लागतात ती फक्त काचेची भकले. फसवणूक दोन प्रकारांनी होते. एकतर मालकाकडून ‘तपासणी शुल्क’ किंवा ‘नोंदणी शुल्क’ आगाऊ उकळले जाते. नाहीतर मालक स्वतःच आशेने यंत्र फोडतो. दुसऱ्या प्रकारात पैसे जात नाहीत, पण रेडिओ जातो.

संग्रह म्हणजे नोंद

जुन्या रेडिओला किंमत असतेच. पण ती मॉडेलची दुर्मीळता, पेटी व काच यांची अवस्था, आतले यंत्र मूळचे आहे की नाही आणि सोबतचे कागद यांवर ठरते. मर्फी किंवा फिलिप्सचे लोकप्रिय नमुने हजारोंनी विकले गेले होते, त्यामुळे त्यांतून घबाड हाती लागण्याची अपेक्षा धरू नये. संख्येचा मोहही निरर्थक. उत्तर प्रदेशातील अमरोह्याच्या एका संग्राहकाने हजाराहून अधिक रेडिओ जमवून गिनेस बुकात स्थान मिळवले आहे. सामान्य घराने आपला एकच रेडिओ नीट जपला, तरी ते पुरेसे काम आहे.

ते काम कसे करावे, याचा आदर्श उज्जैनमध्येच आहे. भीमबेटकाची चित्रगुंफा १९५७ मध्ये उजेडात आणणारे पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर याच शहरातले. उज्जैन जिल्ह्यातील कायथा या ताम्रपाषाणयुगीन स्थळाचा शोधही त्यांचाच. खापराचा तुकडा जमिनीतून उचलण्याआधी तो कुठे, कोणत्या थरात, कशाच्या शेजारी होता हे लिहायचे, ही त्यांच्या शास्त्राची पहिली शिस्त. ती नोंद नसेल तर खापर नुसते खापरच राहते.

रेडिओलाही हेच लागू पडते. तो दिवाणखान्यातून हलवण्यापूर्वी त्याचे जागेवरच छायाचित्र घ्यावे. मग एका कागदावर घराचे नाव, गल्ली, रेडिओ घेतल्याचे साल, दुकान, पहिली किंमत, दुरुस्ती करणाऱ्याचे नाव, एरियल कुठे होते आणि घरात संध्याकाळी कोणते केंद्र लागत असे, हे लिहून काढावे. घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीला विचारून लिहावे. काटा शेवटी ज्या आकड्यावर थांबलेला असेल तो आकडाही टिपावा आणि मगच बटण फिरवावे. हा कागद जाड पाकिटात घालून परवान्याच्या पुस्तिकेसह पेटीच्या आत ठेवावा. यंत्राला चिकटवू नये.

रेडिओची दुरुस्ती दहा वर्षांनीही होऊ शकेल. कंडेन्सर मिळतात, व्हॉल्व्हही शोधल्यास सापडतात. मात्र आजी पहाटे उठून कोणते केंद्र लावत असे, हे सांगणारा माणूस तोवर घरात असेलच असे नाही. म्हणून कामाचा क्रम ठरलेला असावा : आधी विचारणे, मग लिहिणे आणि सर्वांत शेवटी पेचकस हाती घेणे.